बाराशे लिंका, अकरा घरं

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या खात्यावर टाका. विषय टेक्निकल आहे, पण गोष्ट घरची आहे.

मी एटापल्लीची. (हॉस्टेलच्या निम्म्या मुली अजून विचारतात, "ते कुठे आलं?" गडचिरोली जिल्हा, आलापल्लीहून पुढे. सुरजागडचा डोंगर आमच्याच तालुक्यात येतो.) माझ्या मावशीचा महिला बचत गट मोहाचे लाडू, चारोळी आणि मध विकतो. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना वेबसाइट करून दिली. गटाचं नाव टाकलं की गुगलवर दिसायची, पण नुसतं 'मोहाचे लाडू' टाकलं तर दहाव्या पानावरही पत्ता नाही! मग मीच एका एसईओवाल्याचा नंबर शोधून दिला. चार हजार रुपयांत "हजाराच्या वर बॅकलिंक, गॅरंटीड". पैसे गटाच्या बचतीतले. महिन्याभराने त्याने रिपोर्ट पाठवला: बॅकलिंक 1214. ऑर्डर मात्र एकही नाही. मावशीने फोनवर विचारलं, "काहून गं पोरी, बाराशे जणांनी आपलं नाव सांगितलं, तं एक तरी गिऱ्हाईक आलं का?"

कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला असून मला उत्तर देता येईना. सबमिशन बाजूला ठेवून तो रिपोर्ट वाचायला बसले.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पानावरून आपल्या पानाकडे येणारी लिंक. दुसऱ्याने आपलं नाव घेणं, एवढंच. ही कल्पना गुगलचीही मूळची नाही. कुठला शोधनिबंध महत्त्वाचा, हे तो किती जणांनी संदर्भ म्हणून वापरला यावरून ठरवायची पद्धत आधीपासून होती. युजीन गारफिल्ड यांनी 1964 साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, तो संदर्भांच्याच आधारावर.

याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि गंमत म्हणजे संस्थेचं नावच 'सर्च'! डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. दुसरीकडची 47 गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी कमी भरलं. हा निबंध 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे बांगलादेशात सिल्हेटला तसाच प्रयोग झाला, त्याचा निबंध 2008 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला आणि त्याच्या संदर्भांत गडचिरोली आहे. हीच खरी बॅकलिंक. कुणी चार हजार देऊन घेतलेली नाही, आणि जो नाव घेतोय त्याचंही वजन आहे.

लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी 1998 मध्ये पेजरँक मांडला तो या वजनावरच. समजा एक माणूस आलापल्लीच्या चौकात उभा आहे. समोर येईल त्या काळी-पिवळीत बसतो, उतरला की पुन्हा कुठल्याही गाडीत बसतो. दिवसभर हेच. मधेच कंटाळून भलत्याच गावी जातो. असे लाख माणसं सोडली तर कुठल्या गावात जास्त भेटतील? ज्या गावाला पुष्कळ गाड्या जातात तिथे, आणि त्या गाड्या गजबजलेल्या गावांतून सुटत असतील तर आणखीनच. गावाऐवजी पान आणि गाडीऐवजी लिंक घ्या, झाला पेजरँक. कंटाळण्याचा भाग त्यांनी साधारण 15 टक्के धरला होता, उरलेल्या 0.85 ला डॅम्पिंग फॅक्टर म्हणतात. एका पानावरून दहा लिंका निघत असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला दहावा हिस्सा. हजार निघत असतील तर हातात काय येणार?

आता आमचा रिपोर्ट. 1214 च्या खाली बारीक अक्षरात होतं, रेफरिंग डोमेन 11. म्हणजे नाव घेणारी घरं अकराच, आणि एकेका घरातून शंभर-शंभर वेळा ओरडलंय! मेसच्या वहीत एकाच रूमवाल्यांनी पन्नास वेळा 'भाजी छान' लिहिलं तर ती पन्नास मतं होत नाहीत. बरं, या अकरांपैकी सात साइट एकाच आयपीवर, म्हणजे बहुधा मालकही एकच.

मग अँकर टेक्स्ट, म्हणजे लिंक ज्या शब्दांवर लावलेली असते ते शब्द. लोक आपणहून लिंक देतात तेव्हा कुणी गटाचं नाव लिहितं, कुणी 'मोहाचे लाडू', कुणी नुसतं 'इथे बघा'. आमच्या अकराशेच्या वर लिंकांवर एकच इंग्रजी वाक्य, 'बेस्ट ऑरगॅनिक हनी ऑनलाइन'. आजूबाजूला कॅसिनोच्या जाहिराती. सगळ्या लिंका चार दिवसांत लागलेल्या. असलं खपू नये म्हणून गुगलने एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला. 2016 पासून तो मुख्य पद्धतीचाच भाग आहे आणि असल्या लिंका बहुतेक वेळा शून्य धरल्या जातात. म्हणजे शिक्षा नाही, पण चार हजार पाण्यात.

नोफॉलो ही लिंकेवरची खूण. 2005 मध्ये आली. 'लिंक देतोय, पण शिफारस समजू नका' असा तिचा अर्थ. 2019 मध्ये पैसे देऊन लावलेल्या लिंकांसाठी 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूणही आली. आमच्या एसईओवाल्याने ती लावली नव्हती, हे सांगायला नकोच.

रिपोर्टवर सगळ्यात मोठ्या अक्षरात होतं ते डोमेन ऑथॉरिटी. याच्यावरच मी भुलले होते. हा 1 ते 100 चा आकडा मोझ कंपनीचा, डोमेन रेटिंग एहरेफ्सचं, ट्रस्ट फ्लो आणि सायटेशन फ्लो मॅजेस्टिकचे. गुगलचा यातला एकही नाही. गुगलचा स्वतःचा आकडा पूर्वी टूलबारवर दिसायचा, तो 2016 मध्ये बंद झाला. हे बाहेरच्यांचे अंदाज आहेत, दोन साइटची तुलना करायला ठीक. मॅजेस्टिकचे आकडे मात्र जोडीने बघावेत. सायटेशन फ्लो लिंकांच्या जोरावर जातो, ट्रस्ट फ्लो विश्वासाच्या साइटपासूनच्या जवळिकीवर. आमचे 21 आणि 2. यावर मी काय बोलू!

सर्च कन्सोल फुकट आहे. त्यातल्या 'लिंक्स'मध्ये कोण लिंक देतंय आणि कुठल्या शब्दांनी, दोन्ही दिसतं. पैसे देण्याआधी मी ते उघडायला हवं होतं. नको असलेल्या लिंका नाकारायला डिसअव्हाऊ नावाची सोयही आहे, पण बहुतेकांना ती लागत नाही असं गुगलच सांगतं, म्हणून मी हात लावला नाही.

त्याच यादीत तळाशी एक बारावं नाव दिसलं, रिपोर्टमध्ये नसलेलं. चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागाचं पान. मोहाच्या झाडावरच्या माहितीत त्यांनी 'एटापल्लीचा महिला गट' या शब्दांवर आमची लिंक दिली होती. कुणी, कधी, आम्हाला माहीतही नाही. सर्च कन्सोलप्रमाणे 'मोहाचे लाडू' साठी आम्ही आता तिसऱ्या पानावर आलो आहोत. त्या एका लिंकेमुळेच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मावशीला सगळं फोनवर सांगितलं, चार हजारांचंही. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "गटाच्या मीटिंगमध्ये तूच येऊन सांगशील." मार्चमध्ये मोह पडायला लागेल तेव्हा जाणार आहे. तोपर्यंत एक काम चालू आहे. आपल्या कॉलेजच्या साइटवर एनएसएस कॅम्पच्या पानावर गटाचं नाव आहे, पण त्यावर लिंक नाही. साइट बघणाऱ्या सरांना अर्ज दिलाय. सर, अर्ज तुमच्या टेबलावर डावीकडे, पेपरवेटखाली आहे.