साठचा गेला, नऊचा आला

आडगावच्या एखाद्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन "साठचा द्या" म्हटलं, तर आजही फडताळाच्या वरच्या कप्प्यातून धूळ झटकत काच-तारेचा पिवळा बल्ब निघतो. त्यात बेकायदा काही नाही. हा बल्ब विकू नका किंवा लावू नका, असा देशभर लागू होणारा कायदा भारतात झालेला नाही. युरोपात साठ वॅटच्या बल्बवर २०११ साली गदा आली. अमेरिकेत बराच गोंधळ होऊन २०२३च्या ऑगस्टपासून नियम खऱ्या अर्थाने अमलात आला. आपल्याकडे बंदीविनाच तो बहुतेक घरांतून गेला. सरकारने ग्राहकाचा हात धरला नाही, फक्त दुसऱ्या बल्बची किंमत इतकी पाडली की पहिला घेणं परवडेना. एकंदरीत हा मार्ग शहाणपणाचा होता असं माझं मत आहे. मात्र त्याची एक बाजू कमी बोलली जाते. बंदी असली की दुकानात काय असावं हे सरकार बघतं. ती नसली की खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायचं काम गिऱ्हाईकावर येतं.

पिवळ्या बल्बचा गुन्हा तसा साधा आहे. तो विजेतून मुख्यतः उष्णता तयार करतो आणि उजेड जाता जाता देतो. साठ वॅटच्या बल्बमधून साधारण सातशे ल्युमेन उजेड मिळतो, म्हणजे एका वॅटमागे जेमतेम बारा. नऊ वॅटचा बरा एलईडी आठशेच्या पुढे जातो.

हे गणित जगभरच्या सरकारांना ठाऊक होतं, पण प्रत्येकाने ते आपापल्या स्वभावाप्रमाणे सोडवलं. ऑस्ट्रेलियाने २००७ साली बंदी जाहीर केली. युरोपीय संघाने सप्टेंबर २००९मध्ये शंभर वॅटपासून सुरुवात करून २०१२पर्यंत पायरीपायरीने सगळे घरगुती पिवळे बल्ब बाजारातून काढले. जर्मनीत लोकांनी आधीच खोकी भरून साठा करून ठेवला. तिथल्या एका अभियंत्याने तर २०१० साली हेच बल्ब 'हीटबॉल' या नावाने विकायला काढले. हा दिवा नव्हेच, ही लहान शेगडी आहे आणि तिच्यातून थोडा उजेड चुकून बाहेर पडतो, असा त्याचा युक्तिवाद! अधिकाऱ्यांना विनोद रुचला नाही, त्यांनी विक्री थांबवली. पण आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्याला यात विनोद दिसणार नाही. एक दिवसाची पिल्लं शेडमध्ये आली की पत्र्याच्या टोपाखाली पिवळे बल्ब लावूनच त्यांना ऊब दिली जाते, आणि तिथे एलईडीचा काडीचा उपयोग नाही.

अमेरिकेत बल्बचं थेट राजकारण झालं. २००७चा ऊर्जा कायदा धाकट्या बुश यांच्या सहीने आला, पण पुढे त्यांच्याच पक्षाला तो घरात घुसलेल्या सरकारसारखा वाटू लागला. टेक्सासने २०११मध्ये आपल्याच राज्यात तयार होऊन तिथेच विकल्या जाणाऱ्या बल्बला केंद्राचा नियम लागू नाही, असा कायदा केला. ट्रम्प सरकारने २०१९मध्ये वॅटमागे किमान ४५ ल्युमेनची अट मागे घेतली. नव्या दिव्यांच्या उजेडात आपण नारिंगी दिसतो, अशी ट्रम्प यांची जाहीर तक्रार होती. बायडेन सरकारने २०२२मध्ये अट परत आणली आणि २०२४मध्ये पुढचा टप्पाही ठरवला : जुलै २०२८पासून वॅटमागे १२० ल्युमेन.

आपली वाट निराळी, आणि तिची सुरुवात नाशिकमध्ये सापडते. २००५च्या सुमारास महावितरणने नाशिक भागात ग्राहकांना सीएफएल देऊन पैसे लाइट बिलातून वसूल करण्याचा प्रयोग केला. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने त्याची नीट तपासणीही केली. अडचण उघड होती. सीएफएलने वीज वाचते हे पटायचं, पण दहा रुपयांच्या बल्बच्या जागी शंभराची नोट एकदम कोण काढणार? केंद्राने २००९मध्ये 'बचत लॅम्प योजना' आणली. तिच्यात सीएफएल १५ रुपयांना मिळायचा आणि उरलेली किंमत कंपनीने वाचलेल्या कर्बाचे क्रेडिट परदेशात विकून भरून काढायची, अशी कल्पना होती. केरळने ती उत्साहाने राबवली. पण कार्बन क्रेडिटचे भाव आंतरराष्ट्रीय बाजारात कोसळले आणि योजनेचा पायाच गेला.

यातून घेतलेला धडा 'उजाला'मध्ये दिसतो. ५ जानेवारी २०१५ला देशभर सुरू झालेल्या या योजनेत सरकारी अनुदान नव्हतं. ईईएसएल ही सार्वजनिक क्षेत्रातल्या वीज कंपन्यांची संयुक्त कंपनी. तिने कोट्यवधी बल्बांची मागणी एकत्र केली आणि कारखानदारांकडून निविदा मागवल्या. एवढी मोठी मागणी दिसल्यावर कारखानदार भावासाठी एकमेकांवर तुटून पडले. २०१४च्या सुरुवातीला ३१० रुपयांना खरेदी झालेला बल्ब २०१६मध्ये ३८ रुपयांवर आला. योजनेबाहेरच्या दुकानांतले भावही त्यामागोमाग उतरले. योजनेतून बल्ब न घेतलेल्याचाही असा फायदा झाला.

महाराष्ट्रात महावितरणच्या कार्यालयांबाहेर टेबलं लागली ती तेव्हाच. हातात लाइट बिल, ओळखपत्राची झेरॉक्स आणि बाहेरगावी असलेल्या भावाचंही बिल घेतलेली माणसं रांगेत उभी असत. बल्ब शंभर रुपयांचा, आणि हप्त्याने घेतला तर दर महिन्याला दहा रुपये बिलात लागून येत. खरी मेख या दहा रुपयांत होती, कारण हप्ता विजेतल्या बचतीपेक्षा लहान होता. राज्यात असे दोन कोटींहून जास्त बल्ब गेले, देशात छत्तीस कोटींच्या वर. पुढे २०२१मध्ये आलेल्या 'ग्राम उजाला'त चालू पिवळा बल्ब द्या आणि दहा रुपयांत एलईडी न्या, असा सौदा होता. त्याच्या पहिल्या टप्प्यात नागपूर होतं, आणि उरलेल्या पैशांसाठी पुन्हा कार्बन क्रेडिटचाच आधार होता.

यातून किती वीज वाचली याचे सरकारी आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण ते मोजलेले नाहीत, मांडलेले आहेत. दिलेला प्रत्येक बल्ब पिवळ्याच्याच जागी लागला आणि रोज ठरावीक तास जळला, असं त्यात धरलं जातं. प्रत्यक्षात काहींनी तो सीएफएलच्या जागी लावला, काहींनी जिथे कधी दिवाच नव्हता अशा परसात. त्याचा उजेडही कामाचाच, पण त्याला बचत म्हणता येत नाही.

म्हणून हिशेब आपल्या घरापुरता करावा. साठचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिटं घेतो, नऊ वॅटचा एलईडी सव्वा-दीड युनिटाच्या आत राहतो. असे चार दिवे बदलले की तीस युनिटं कमी. आता महावितरणच्या बिलाची मागची बाजू पाहा. पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० पर्यंतचा त्याहून पुष्कळ चढा. वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतं, म्हणजे महागातलं महाग युनिट आधी वाचतं. सव्वाशे युनिटांच्या घरात हा फरक ठसठशीत दिसतो. ज्यांचं बिल पाचशे युनिटांच्या वर एसीमुळे जातं, त्यांना मात्र बल्ब बदलून बिलात फरक शोधावा लागतो.

देवघरातला किंवा बेडरूममधला झिरोचा बल्ब या हिशेबातून नेहमी निसटतो. तो शून्य वीज घेत नाही, बारा-पंधरा वॅट घेतो. जुन्या चकतीच्या मीटरला एवढी बारीक वीज पुष्कळदा जाणवायचीच नाही. आता भिंतीवर इलेक्ट्रॉनिक मीटर आहे आणि त्याला सगळं जाणवतं. रात्रभर, दहा तास जळणारा बारा वॅटचा झिरो महिन्याला साडेतीन युनिटं खातो. हॉलमधल्या नऊच्या एलईडीच्या दुपटीहून जास्त! अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प तेच काम दोन दशांश युनिटाच्या आत करतो.

भाव पडला आणि बाजार फुलला, तसा त्यात माल मिसळायलाही वेळ लागला नाही. एलईडी बल्बना भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची आहे आणि खोक्यावर मानकचिन्हाबरोबर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा लागतो. ऊर्जाबचत दाखवणारे बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे) तारेही २०१८पासून सक्तीचे झाले. पण बीआयएसची सक्ती असतानाही २०१७मध्ये दिवे उत्पादकांच्या संघटनेने निल्सनकडून मुंबईसह चार शहरांत दुकानांची पाहणी करवली, तेव्हा ७६ टक्के एलईडी ब्रँड सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हते. पाहणी करवणारे स्वतः मोठे उत्पादक, त्यामुळे आकड्यात त्यांचा स्वार्थ धरूनही नियम कागदावर होता एवढं तरी उरतंच.

हा बिननोंदणीचा माल येतो कुठून? 'घरबसल्या बल्ब बनवा' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. प्लॅस्टिकची बॉडी, एलईडी ठोकलेली पातळ पट्टी, पिनांची टोपी, वरचा दुधी घुमट असं किट येतं. टोपी हातमशीनने दाबून बसवली की बल्ब तयार. ड्रायव्हरसाठी, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागांसाठी, वेगळी प्लेट न ठेवता सगळं एकाच पट्टीवर उरकलेल्या बल्बला बाजारात 'डीओबी' म्हणतात. चांगला डीओबीही असतो, पण स्वस्तातल्या मालात उष्णता बाहेर काढायला ॲल्युमिनियम नावापुरतंच असतं. एलईडी सहसा जळत नाही, त्याला वीज पुरवणारे सुटे भाग तापून मरतात. म्हणूनच खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेला बल्ब बंद काचेच्या शेडमध्ये वर्षभरात मान टाकतो. आणि एक सांगतो : बंद पडलेल्या बल्बचा घुमट होल्डरमध्येच काढून आत बोट घालू नका. डीओबीच्या पट्टीवर थेट घरातलाच २३० व्होल्टचा दाब असतो.

दुकानदाराची तोंडी 'दोन वर्षं गॅरंटी' ही जवळपास त्याच्या मर्जीवर असते. आमच्या गल्लीतल्या एका दुकानात बल्बच्या बुडाशी मार्करने तारीख लिहून देतात, आणि दिव्याच्या उष्णतेने ती शाई वर्षभरात उडते. पक्कं बिल मागितलं की भाव वाढतो, कारण जीएसटी लागतो. जुलै २०२२मध्ये एलईडीवरचा हा कर बारावरून अठरा टक्के झाला. ज्या दिव्याचा सरकारने एवढा प्रसार केला, त्याच्यावर कर का वाढवावा हे मला उमगलेलं नाही. त्याचा लाभ बिनबिलाच्या मालालाच होतो.

दिवाळीच्या माळांचं तेच. एलईडीच्या माळाही बीआयएस नोंदणीच्या कक्षेत आहेत, पण फुटपाथवर ढिगाने विकल्या जाणाऱ्या माळेवर क्रमांक शोधून पाहा. बीआयएस केअर या ॲपवर तो टाकला की खरा की खोटा कळतं. आकाशकंदिलाला मात्र एलईडी पावला. कागदाजवळ तापलेला शंभरचा बल्ब टांगण्याची धास्ती गेली. फक्त खोक्यावर ६५०० केल्विनऐवजी २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला घ्या, नाहीतर केशरी कंदील दवाखान्यासारखा पांढराफटक दिसतो.

माळ्यावर पडलेल्या जुन्या सीएफएल आणि ट्यूब यांचा प्रश्न कुणी नीट सोडवलेला नाही. त्यांत काही मिलिग्रॅम पारा असतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारावर भारताने २०१८मध्ये शिक्कामोर्तब केलं, आणि त्या करारानुसार सीएफएलपाठोपाठ फ्लुरोसंट ट्यूबही २०२७पर्यंत बाजारातून जायच्या आहेत. ई-कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत हे दिवे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली होती. घंटागाडीवाल्याला हे सांगून बघा. तो ट्यूब आडवी धरतो, मोडतो आणि गाडीत टाकतो. घरात सीएफएल फुटलीच तर खिडक्या उघडाव्यात, झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नये, तुकडे जाड कागदाने उचलून बरणीत बंद करावेत.

बल्बमधून काढण्यासारखं आता फार उरलेलं नाही. नऊचे सात होतील, एवढंच. बीईईची नजर पंख्याकडे वळली आहे आणि जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यालाही तारे सक्तीचे झाले आहेत. जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास, आणि आपल्याकडे तो वर्षातले नऊ महिने फिरतो. पण नवा पंखा अडीच-तीन हजारांचा, जुना वीस वर्षं झाली तरी बंद पडत नाही, आणि महिना दहा रुपयांच्या हप्त्यात पंख्याची किंमत फिटत नाही.