सोर्स आणि बिल्ड: एका घरातले दोन संसार

‘सगळं एकाच फोल्डरमध्ये आहे, प्रोग्रॅम चालतोय, मग वेगळं कशाला करायचं?’ सी किंवा सी++ शिकणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. चार फाइलींच्या प्रकल्पात खरंच काही बिघडत नाही. पण त्याच कोडचं डीबग आणि रिलीज अशी दोन्ही बिल्डं हवी झाली, की एकाच नावाच्या ऑब्जेक्ट फाइली एकमेकींवर लिहिल्या जातात आणि दर वेळी सगळं पुन्हा कंपाइल करत बसावं लागतं. बिल्डची फोल्डरं दोन केली, तर सोर्स एकच राहतो आणि दोन्ही बिल्डं शेजारीशेजारी नांदतात.

सोर्स म्हणजे माणसाने लिहिलेलं. बिल्ड म्हणजे त्यातून यंत्राने बनवलेलं, कधीही पुन्हा बनवता येईल असं. बिल्ड फोल्डर आत्ता पुसायला सांगितलं तर धाकधूक होते का? होत असेल, तर हाताने लिहिलेलं काहीतरी तिथे जाऊन बसलंय.

‘बिल्ड नावाचं फोल्डर केलं, म्हणजे वेगळं झालं’ हा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. सीमेक हे बिल्डचं साधन एकदा चुकून सोर्समध्येच चालवलं, की तिथे त्याची कॅश फाइल तयार होते. मग चूक लक्षात येऊन आपण बिल्ड फोल्डरमध्ये शिरतो आणि सीमेकला वरचं फोल्डर दाखवतो. तिथली कॅश बघून सीमेक ठरवतं, की बिल्डची जागा हीच! फाइली पुन्हा सोर्समध्येच पडतात आणि नवं फोल्डर रिकामं राहतं. अशा वेळी आधी ती कॅश आणि सोबतचं सीमेकफाइल्स फोल्डर पुसायचं. ३.१३ आवृत्तीपासून सोर्स आणि बिल्ड या दोन्ही जागा ‘एस’ आणि ‘बी’ या पर्यायांनी स्पष्ट सांगता येतात. तीच सवय लावून घ्यावी.

याहून अवघड चकवा हेडर फाइलींचा. अवतरणचिन्हांत नाव लिहून हेडर मागवलं, की कंपायलर ते आधी त्याच सोर्स फाइलीच्या फोल्डरमध्ये शोधतो. जुन्या बिल्डने बनवलेलं हेडर तिथे उरलेलं असेल, तर नव्या बिल्डमध्येही तेच उचललं जातं. त्रुटीचा संदेश बहुधा येतच नाही, फक्त प्रोग्रॅम चुकीचा वागतो, आणि माणूस दिवसभर स्वतःच्या तर्कात चूक शोधत राहतो. लिनक्स कर्नलने हा धोका ओळखला आहे. वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करायला गेलात आणि सोर्समध्ये जुना गाळ असला, तर कर्नलचं बिल्ड तिथेच थांबतं आणि ‘make mrproper’ चालवायला सांगतं.

‘गिटइग्नोरमध्ये बिल्ड फोल्डरचं नाव टाकलं की झालं’ हेही अर्धसत्य आहे. आधीच कमिट झालेल्या फाइलींवर गिटइग्नोरचा काही परिणाम होत नाही. त्या गिटच्या नोंदीतून मुद्दाम काढाव्या लागतात. काढल्या तरी जुन्या कमिटमध्ये त्या राहतातच, म्हणून रेपॉझिटरीचा आकार कमी होत नाही.

एकच आदर्श रचना असते, असंही नाही. बिल्डच्या साधनांपैकी मेव्हन आपलं बिल्ड ‘टार्गेट’मध्ये ठेवतं, ग्रेडल ‘बिल्ड’मध्ये, आणि दोन्ही प्रकल्पाच्या आतच. जीसीसी कंपायलरची कागदपत्रं मात्र बिल्ड सोर्सच्या पूर्ण बाहेर करायला सांगतात. मेसन हे साधन सोर्स आणि बिल्ड एकाच जागी करायला चक्क नकार देतं. कर्नल वेगळं सांगितलं नाही, तर सोर्समध्येच बिल्ड होतं. नावं काहीही असोत, सीमा पाळली जाते का ते महत्त्वाचं.

ते तपासायची पद्धत ऑटोमेक या साधनाच्या ‘डिस्टचेक’मध्ये तयारच आहे: सोर्स फक्त वाचता येईल असा करायचा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करायचं. तुमच्या प्रकल्पावर हे आजच करून बघा. बिल्ड जिथे अडेल, तिथेच तुमचा कोड सोर्समध्ये लिहू पाहतोय.