वाचणाऱ्याला नाव विचारू नका

नाशिकरोडला मी एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग घेते. वर्गातल्या टेबलावर एक जाड वही असते. एखादी वेबसाइट उघडली की विद्यार्थी तिच्यात तारीख, वेळ, इंटरनेट कुठलं होतं आणि पडद्यावर काय आलं ते लिहितात. मजकूर आला, ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ आलं, मोबाईल नंबर मागितला, की सरळ प्रवेशच नाकारला? ही वही मला अभ्यासक्रमाइतकीच महत्त्वाची वाटते. दार बंद होतं याची नोंदच नसेल, तर ते उघडा म्हणून कुणाकडे आणि कशाच्या आधारावर मागणी करणार?

एकच पान आम्ही घरच्या ब्रॉडबँडवरून, मोबाईलवरून आणि टॉर ब्राउझरमधून उघडून पाहतो. टॉर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते तुमची मागणी कूटबद्ध करून स्वयंसेवकांच्या तीन संगणकांमधून फिरवतं. पहिल्या संगणकाला तुम्ही कुठून आलात ते कळतं, पण कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्याला कुठे चाललात ते कळतं, पण कुठून आलात ते कळत नाही. वेबसाइटला फक्त या शेवटच्या संगणकाचा आयपी पत्ता दिसतो. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटण्यासाठी कायदा शोधणारी बाई, आपला आजार घरात अजून सांगू न शकलेला माणूस, कागदपत्रं तपासणारा वार्ताहर यांना या आडोशाची खरोखर गरज असते.

अडचण अशी, की टॉरच्या शेवटच्या संगणकांची यादी जाहीर असते. ती घेऊन सगळे पत्ते अडवणं कुठल्याही वेबसाइटला सोपं जातं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अलेक्साच्या लोकप्रियतेच्या यादीतल्या पहिल्या 1000 वेबसाइटपैकी 3.67 टक्के टॉरवाल्यांना अडवत होत्या किंवा दुय्यम सेवा देत होत्या. अडवणाऱ्यांची बाजूही खरी आहे, कारण त्याच पत्त्यांवरून स्पॅम येतो आणि हल्लेही होतात. पण विकिपीडियाने यातून मार्ग काढला आहे. तिथे टॉरवरून लेख वाचता येतात, फक्त संपादन सहसा करू देत नाहीत.

टॉर न वापरणाराही या कचाट्यातून सुटत नाही. आयपी पत्ते अपुरे असल्यामुळे मोबाईल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. मग एकाने खोडी केली की संशय सगळ्यांवर येतो. अशा सामायिक पत्त्यांवर इतरांच्या तिप्पट प्रमाणात मर्यादा लादली जाते, हे क्लाउडफ्लेअर कंपनीनेच 2025 मध्ये आपल्या पाहणीतून मांडलं.

ही अमेरिकी कंपनी वेबसाइट आणि वाचक यांच्यामध्ये उभी असते. ती हल्ले परतवते, पानं जवळच्या केंद्रातून लवकर पोचवते आणि आत कुणाला सोडायचं तेही ठरवते. जगातल्या सुमारे एक पंचमांश वेबसाइट तिच्यामागे आहेत. 18 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळी तिच्या बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेतली एक फाइल दुपटीने फुगली आणि एक्स, चॅटजीपीटीसह असंख्य सेवा कोलमडल्या. पुढे 5 डिसेंबरला दुपारी, शेअर बाजार चालू असताना, झिरोधा आणि ग्रो या शेअर दलाली कंपन्या सुमारे 25 मिनिटांच्या बिघाडात सापडल्या. त्या कंपन्यांचं स्वतःचं काही चुकलं नव्हतं. चूक एका मध्यस्थाची झाली आणि तिचा फटका अनेकांना बसला.

म्हणून वहीत ‘मध्यस्थ कोण?’ असाही रकाना आहे. संगणकावर एफ-12 दाबून नेटवर्कच्या भागात ‘सर्व्हर’ची ओळ पाहिली, की पुष्कळदा मध्यस्थाचं नाव सापडतं. तिथला ‘स्टेटस’चा आकडाही आम्ही टिपतो. 403 म्हणजे प्रवेश नाकारला, 429 म्हणजे फार वेळा मागणी केली, 451 म्हणजे कायदेशीर कारणाने रोखलं.

सरकारी माहितीच्या बाबतीत माझा आग्रह जास्त आहे. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 6(2) नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही आणि संपर्कापुरता तपशील सोडून वैयक्तिक माहिती मागता येत नाही. कलम 4 तर माहिती आपणहून जाहीर करायला सांगतं. असं असताना महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर बिनसहीचा सातबारा नुसता पाहायलाही मोबाईल नंबर का द्यावा? सही असलेला, शुल्क भरून घ्यायचा उतारा असेल तर ओळख मागणं समजू शकतं. नाशिकला 1840 पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा आहे. पुस्तक घरी न्यायचं तर सभासद व्हावं लागतं, पण मुक्तद्वार वाचनालयात पेपर चाळणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही. सरकारी वेबसाइटला हाच नियम लागू व्हावा.

31 ऑक्टोबर 2026 ला नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ठरलं आहे. देशोदेशीचे भाविक स्नानाच्या तारखा, रस्ते, वाहनतळ आणि दवाखान्यांची माहिती फोनवर शोधतील. ही माहिती देणारी प्रत्येक वेबसाइट त्याआधी स्वस्त मोबाईलवरून, परदेशातून आणि टॉरमधूनही तपासली जावी. मध्यस्थ बंद पडला तर तीच पानं दुसऱ्या सर्व्हरवरून मिळण्याची सोय असावी. वाचण्यासाठी नंबर, ओटीपी काहीही लागू नये. आमच्या वहीतली पानं घेऊन मी ही मागणी लेखी करणार आहे. तुम्हालाही एखादं दार बंद दिसलं, तर तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवा आणि त्या कार्यालयाला कळवा.