जुन्या गाडीची घरगुती दुरुस्ती: आधी बिघाड शोधा, मग पाना उचला

खंबाटकी घाटात मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता आणि बाबांची वॅगनआर दुसऱ्या गिअरमध्येही हिसके देत होती. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला नव्हता, तर उघडझाप करत होता. पुण्यातली आईची तपासणी उरकून आम्ही तिघं साताऱ्याला परत चाललो होतो. बाबांनी गाडी कडेला घेतली. थोडा वेळ थांबलो आणि मग उरलेला घाट कसाबसा चढलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दोन मिनिटांत निकाल लागला. "इंजिनचं काम निघालंय. ओव्हरहॉल करावं लागेल, अठ्ठावीस हजार धरून चला." गाडी २०१३ ची, पुण्यात घेतलेली. बाबा घरी येऊन म्हणाले, "एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाकू. येईल ते येईल." म्हणजे यापुढे पुण्याला यायचं तर एसटी किंवा भाड्याची गाडी, आणि आईचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढू देत नाहीत. मी म्हटलं, "बाबा, दोन शनिवार-रविवार द्या मला." ते म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला. गाडीचं तुला काय कळणार?"

खरं होतं. पण प्रोग्राममधला बग शोधणं हे माझं रोजचं काम आहे, आणि २०१३ च्या गाडीत एक कॉम्प्युटर असतोच.

गाडी स्वतः काय सांगते?

इंजिनावर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्प्युटरला ईसीयू म्हणतात. त्याला काही चुकीचं आढळलं की तो दिवा लावतो आणि एक कोड साठवून ठेवतो. हा कोड वाचायची जी ठरलेली पद्धत आहे तिचं नाव ओबीडी-२. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना ती सक्तीची आहे. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ती एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्याआधीच्या काही गाड्यांतही तसाच सॉकेट दिसतो, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. अशा वेळी स्वस्त स्कॅनर चालेलच असं नाही.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ वाकून पाहिलं तर १६ पिनांचा एक सॉकेट दिसतो. त्यात ईएलएम ३२७ नावाचा काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर बसतो. मी ६५० रुपयांना घेतला. मोबाईलवर टॉर्कसारखं एखादं ॲप टाकलं की कोड वाचता येतो. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ स्कॅनर चालत नाही; वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलईवाला बघून घ्या.

आमच्या गाडीत कोड आला: पी०३०२. हा असा वाचायचा:

- पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सशी संबंधित.
- ० म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी समान असलेला कोड.
- ३ म्हणजे ठिणगी किंवा मिसफायर.
- ०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. (पी०३०० असता तर 'कुठला ते नक्की नाही, कधी हा कधी तो' असा अर्थ झाला असता.)

मिसफायर म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आलं, पण ते नीट पेटलंच नाही. ईसीयूला हे कळतं कसं? ९९८ सीसीच्या या इंजिनात तीन सिलिंडर आहेत. इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला ७५ वेळा मिश्रण पेटतं, आणि प्रत्येक वेळी क्रँकशाफ्टला एक छोटा धक्का बसतो. एक धक्का चुकला की क्रँकशाफ्टचा वेग तेवढ्यापुरता किंचित मंदावतो. क्रँकजवळचा सेन्सर ही गडबड टिपतो, आणि त्या क्षणी पाळी कोणत्या सिलिंडरची होती हे ईसीयूला माहीत असतं.

दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश घरी नेता येते. उघडझाप करत असेल तर मात्र मिसफायर गंभीर आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो महागडा भाग खराब होतो. पाय हलका करा, आणि शक्य तितक्या लवकर थांबा.

एक गोष्ट लक्षात ठेवा: कोड म्हणजे निदान नव्हे. प्रोग्राम कोसळल्यावर येणाऱ्या एरर मेसेजसारखं आहे ते. कुठल्या ओळीवर अडलं ते सांगतो, का अडलं ते तुम्हीच शोधायचं. आणि कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. कोडबरोबर त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान हेही साठवलेलं असतं. पुसलं की तेही जातं. आमच्या नोंदीत इंजिन पूर्ण गरम होतं आणि लोड जास्त होता, म्हणजे घाटच.

अदलाबदल: एका वेळी एकच बदल

दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसेल तर स्वस्तातले दोन संशयित: स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉईल. कॉईल बॅटरीच्या १२ व्होल्टपासून हजारो व्होल्ट तयार करते. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल बसलेली असते, आणि तिन्ही अगदी एकसारख्या असतात. हीच गोष्ट आपल्या कामाची. नवीन काहीही विकत न घेता तपासणी करता येते.

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. दोन आणि तीन नंबरच्या कॉईलचे कनेक्टर सोडवले, प्रत्येकीचा एक बोल्ट काढला आणि त्या आपसांत बदलल्या. प्लगना हात लावला नाही. दोन्ही एकदम बदलले असते तर दोष कोणाचा ते कळलंच नसतं. सगळं परत जोडून कोड पुसला.

आता अडचण अशी की साताऱ्याच्या सपाट रस्त्यावर गाडी झकास चालत होती. यात नवल नाही. चढावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि जास्त दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉईल सपाटीवर निभावून नेते आणि घाटात हात टेकते. म्हणून बाबांना शेजारी बसवून यवतेश्वरचा घाट गाठला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पहिला हिसका बसला. लगेच कडेला थांबून मोबाईल बघितला.

पी०३०३.

बिघाड कॉईलबरोबर दोनवरून तीनवर गेला होता. इंजिन खरंच झिजलं असतं तर दोष दुसऱ्या सिलिंडरमध्येच राहिला असता. सिलिंडर काही जागा बदलत नाही. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इंजिन ठीक आहे?"

कोड दोनवरच राहिला असता तर पुढचा क्रम असा: त्याच पद्धतीने प्लगची अदलाबदल, मग कॉईलचा कनेक्टर आणि वायर, मग इंजेक्टर, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट. स्वस्त आणि सोप्या गोष्टीकडून महाग आणि अवघड गोष्टीकडे.

पुढच्या शनिवारी पुण्याहून येताना नाना पेठेतून कॉईल आणली: १,६५० रुपये. दुकानात 'वॅगनआरची कॉईल द्या' एवढं सांगू नका. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं आलेली असतात. जुन्या कॉईलवरचा पार्ट नंबर दाखवा, बिल मागा. तिन्ही प्लग जुने होतेच, तेही बदलले: ४८० रुपये. प्लग बसवताना पहिले काही आटे हातानेच फिरवा. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. प्लग तिरका घुसवला किंवा जोर लावून आवळला तर आटे जातात, आणि मग खरोखरच हजारोंचं काम निघतं.

माझी ४,२०० रुपयांची चूक

आता उलट बाजूही सांगतो. या प्रकाराआधीच्या हिवाळ्यात गाडी सकाळी स्टार्ट होताना कुंथायची. मी पुण्यात बसून फोनवर निदान केलं, 'बॅटरी गेली', आणि ४,२०० रुपयांची नवी बॅटरी बसवायला लावली. आठवड्याभरात पुन्हा तेच.

पुढच्या फेरीत ४०० रुपयांचा मल्टीमीटर घेऊन गेलो. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली आणि बाबांना स्टार्टर मारायला सांगितलं. इथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसायला हवं होतं. दिसलं १.१.

स्टार्टर १०० अँपिअरहून जास्त करंट ओढतो. वाटेत कुठे ०.०१ ओहम इतकाच अडथळा असला तरी १०० गुणिले ०.०१, म्हणजे १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. साध्या मीटरवर एवढा छोटा ओहम मोजता येत नाही, म्हणून करंट वाहत असतानाच व्होल्टेज मोजायचं. दोष निघाला अर्थिंगच्या केबलचा: बॉडीला जिथे तिचा बोल्ट होता तिथे गंज चढला होता. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, परत आवळला. खर्च शून्य. जुनी बॅटरी तोवर भंगारात गेली होती.

बॅटरीच्या खांबांवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर केबल काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा. केबल काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो.

घरी काय करावं, काय करू नये

बिनधास्त करण्यासारखं: एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर, बल्ब, फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल, प्लग आणि कॉईल. कूलंटची पातळी बाहेरच्या टाकीतच बघा आणि कंपनीने सांगितलेलं कूलंटच भरा. प्रवासात बिसलेरीची बाटली ओतायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, पण नुसत्या पाण्याने आत गंज धरतो. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

गॅरेजकडेच सोपवायचं: ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना जोडलेलं काहीही, सीएनजी किट. ज्या कामासाठी गाडीखाली शिरावं लागतं तेही नको. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. ऑइलही मी गॅरेजमध्येच बदलून घेतो. काढलेलं ऑइल ठेवायचं कुठे हा प्रश्न असतो, आणि गटारात ओतणं हे उत्तर नाही.

स्कॅनर काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवा. गाडी उभी असतानाही तो थोडी थोडी बॅटरी खात राहतो.

गॅरेजवाल्याला काय विचारायचं?

या सगळ्यातून गॅरेजवाले फसवतात असा अर्थ काढू नका. ज्याच्या दारात रोज पंधरा गाड्या उभ्या असतात तो अनुभवावरून अंदाज बांधतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण अंदाजावर २८ हजार खर्च करायचे नसतात. कुणी ओव्हरहॉल सांगितलं तर शांतपणे एवढंच म्हणा: "कॉम्प्रेशन किती आलं? तिन्ही सिलिंडरचे आकडे द्या." झिजलेल्या इंजिनात तो आकडा कमी भरतो, बऱ्याचदा निळसर धूरही येतो आणि ऑइल कमी होत राहतं. आमच्या गाडीत धूरही नव्हता, ऑइलही जागेवर होतं, आणि कॉम्प्रेशन कुणी मोजलंच नव्हतं.

हिशेब: स्कॅनर ६५०, मल्टीमीटर ४००, कॉईल १,६५०, प्लग ४८०. एकूण ३,१८० रुपये. माझी बॅटरीची चूक धरली तर ७,३८०. स्वस्त दुरुस्ती म्हणजे स्वस्तातले सुटे भाग नव्हेत. जे बिघडलेलं नाही ते न बदलणं, यातच बहुतेक पैसे वाचतात.

गेल्या महिन्यात आई-बाबा तपासणीसाठी पुण्याला आले ते याच गाडीने. परत जाताना खंबाटकी चढून बाबांनी फोन केला. "दिवा नाही लागला," म्हणाले. "पण ते तुझं डबडं गाडीतच ठेव. पुढच्या वेळी मीच बघतो."