सायकल मागच्या चाकाकडून बघावी

दुकानात सायकल नेहमी गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभी केलेली असते. जाडजूड स्प्रिंगचा शॉकअप, चकाकणारी डिस्क, नळीवर फराटे ओढलेली इंग्रजी अक्षरं, जे काही दाखवायचं ते सगळं पुढच्या अर्ध्या भागात. माझा भाचा तिथेच खिळला. ताईने १२ हजारांची मर्यादा घालून दिली होती आणि त्यातच हेल्मेट आणि कुलूप बसवायचं होतं. आठवडाभर कोथरूडमध्ये क्लासला जाणं-येणं आणि रविवारी वेताळ टेकडी, एवढं त्या सायकलीचं काम. गिअर नकोत हे त्याचं आधीच ठरलं होतं, कारण त्याच्या मित्रांपैकी जे पुढचं चाक उचलून चालवतात त्या सगळ्यांच्या सायकली बिनगिअरच्या. कारण पोरकट, निर्णय मात्र बरोबर. मी त्याला म्हटलं, "मागे ये. आधी मागचं चाक बघू."

याच किमतीत २१ गिअरची सायकलही मिळते. पण तिच्यात तीन चेनव्हील, सात चकत्या, दोन डेरेलर, दोन शिफ्टर आणि त्यांच्या केबली त्याच पैशात बसवलेल्या असतात. साहजिकच प्रत्येक वस्तू त्या जातीतली सगळ्यात स्वस्त असते. सायकल एकदा उजव्या अंगावर पडली की डेरेलर धरणारी पट्टी वाकते आणि चेन भलत्याच चकतीवर चढू लागते. शिवाय सात चकत्यांना जागा हवी म्हणून मागच्या हबची उजवी बाजू आत सरकवावी लागते. उजवे स्पोक ताणलेले, डावे ढिले, आणि खड्ड्यांत असं चाक लवकर आउट होतं. बिनगिअरच्या चाकात दोन्हीकडचे स्पोक जवळजवळ सारखे ताणता येतात. एकच चकती असल्यामुळे हबच्या बाहेर डोकावणारा अ‍ॅक्सल आखूड असतो आणि सहसा वाकत नाही. गिअर काढून वाचतं ते असं मागच्या चाकात वाचतं. बनवणाऱ्याने ते पैसे चाकातच ठेवले की पुढच्या शॉकअपच्या रंगात घातले, एवढंच तपासायचं असतं.

डोंगरी सायकलचा जन्मही एकाच गिअरवर झालेला आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली डोंगरावरून खाली सोडायचे. ब्रेक एकच, पायडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये लागणारा. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. साधारण साडेतीन किलोमीटरमध्ये ४०० मीटर खाली. तळाशी पोहोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. वर जाताना मात्र सायकल ढकलत न्यायची, नाहीतर ट्रकमध्ये टाकायची. एवढा तपशील मी भाच्याला सांगितला नाही. आम्हाला टेकडी चढायची होती.

चढायची असेल तर सगळ्यात आधी दाते मोजायचे. चेनव्हीलवर खडूने किंवा पेनाने एका दात्याला खूण करायची आणि बोटाने मोजत पुन्हा खुणेपर्यंत यायचं. तसंच मागे फ्रीव्हीलचं. दुकानदार थोडा चमत्कारिक नजरेने बघतो, बघू द्यावं. आमच्या समोरच्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते निघाले. बिनगिअरच्या स्वस्त सायकलींत ही जोडी फार आढळते. ४४ ला १८ ने भागलं की २.४४, म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक २.४४ वेळा फिरतं. २६ इंची, २.१ इंच जाड टायरचा घेर सुमारे २.०७ मीटर. गुणाकार केला तर एका फेरीत सायकल ५.०६ मीटर पुढे जाते. गिअर म्हणजे शेवटी हाच आकडा. बिनगिअरची सायकल घेताना आपण तो कायमचा विकत घेतो, आणि गंमत म्हणजे माहितीपत्रकात बऱ्याचदा तोच नसतो.

आता हा आकडा पायाला कसा लागतो ते बघा. क्रँक १७० मिलिमीटरची असेल तर एका फेरीत पाऊल १.०७ मीटर फिरतं. तेवढ्यात सायकल ५.०६ मीटर जाते, म्हणजे पावलाच्या पावणेपाच पट. जेवढी पट अंतर जास्त, तेवढी पट जोरही जास्त. पोरगा आणि सायकल मिळून ८० किलो धरू, आणि चढ १०० मीटरला ८ मीटरचा. माती-खडीचं ओढणं सोडून दिलं तरी सायकल वर ढकलायला ६.४ किलोचा रेटा लागतो. त्याला पावणेपाचने गुणलं की पायडलवर सरासरी ३० किलो. ही सरासरी झाली. पायडल वर-खाली उभं येतं तेव्हा जोर जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे ते आडवं असताना याच्या दीडपट तरी दाबावं लागतं. मागे २० दात्यांचं फ्रीव्हील लावलं तर एका फेरीचं अंतर ४.५५ मीटर होतं आणि तेच ३० किलो २७ वर येतात. २२ लावलं तर ४.१४ मीटर आणि २५ किलो. कागदावर फरक किरकोळ वाटतो. चढाच्या मध्यावर श्वास लागलेला असताना तो फरक म्हणजे सायकलवर असणं आणि सायकल हातात धरून चालणं.

याची किंमत सपाटीवर मोजावी लागते. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर १८ दात्यांना ताशी २१ किलोमीटर, २० ला १९ आणि २२ ला साडेसतरा. त्याहून जोरात जायचं तर पाय गरगर फिरवावे लागतात. पण आपल्या रस्त्यांवर, दर चौकात सिग्नल आणि दर गल्लीत गतिरोधक असताना, २१ आणि १९ मध्ये क्लासला पोहोचायला मिनिटभराचा फरक पडतो. उलट सिग्नल सुटल्यावर सायकल झटकन उचलते ती हलक्या जोडीचीच. फक्त टेकडीवर चालवणारे २६ इंची चाकाला दोनास एक जोडी लावतात, ३२ ला १६. चाक २९ इंची असेल तर त्याचा घेर मोठा, म्हणून तीच जोडी जड जाते आणि मागे १८ किंवा २० लागतात. रस्ता आणि टेकडी दोन्ही करणाऱ्याने २ ते २.२ च्या दरम्यान राहावं असं माझं मत आहे.

फ्रीव्हील नंतर बदलता येतं, म्हणून ४४-१८ बघून सायकल नाकारायची गरज नाही. पण ते बदलता येण्यासाठी एक जागा बघून ठेवावी लागते, ती म्हणजे मागचा अ‍ॅक्सल फ्रेममध्ये बसतो ती खाच. खाच आडवी असेल तर चाक पुढेमागे सरकवून चेन ताणता येते. उभी असेल तर चाक एकाच जागी बसतं आणि चेन ताणायला वेगळा स्प्रिंगचा हात लावावा लागतो. बिनगिअरच्या सायकलीला आडवीच खाच हवी, आणि ती लांब हवी. खाचेत चेन ओढणारा छोटा बोल्ट असेल तर उत्तम.

चेन किती ताणायची? खालच्या बाजूला, मधोमध बोटाने वर-खाली करून बघावी. अर्धा इंच हलली की बरोबर. पण तेवढ्यावर थांबू नये. पायडल हळूहळू फिरवत पुन्हा पुन्हा बघावं. स्वस्त चेनव्हील पूर्ण गोल नसतं, त्यामुळे एका जागी चेन ताठ होते आणि दुसरीकडे लोंबते. जिथे सगळ्यात ताठ होते तिथे अर्धा इंच ठेवायचा. चेन लोंबती राहिली तर ती उभं राहून चढ मारतानाच उतरते आणि आपण दांडीवर आदळतो.

चाकाकडेच आणखी एक काम असतं. मी खिशात फ्रिजवर लावायचं लोहचुंबक घेऊन गेलो होतो. रिमला लावलं. चिकटलं तर रिम लोखंडी, घसरलं तर अ‍ॅलॉय. फ्रेमला ते चिकटलं तर हरकत नाही. स्टीलची फ्रेम जड असली तरी तडा गेल्यास कुठल्याही गावात वेल्डिंग करून मिळते. पण लोखंडी रिम आणि रबरी ब्रेक शू ही जोडी पावसात भिजली की ब्रेक दाबूनही सायकल पुढे जातच राहते. पहिल्या दोन सायकलींवर चुंबक चिकटलं आणि भाच्याचा चेहरा पडला, कारण त्यातल्या एकीला सगळ्यात जाड शॉकअप होता. रिम दुपदरी आहे का हेही विचारावं. फुटपाथवरून चाक आपटणाऱ्याची एकपदरी रिम फार दिवस सरळ राहत नाही.

ब्रेकबद्दल माझं मत दुकानदाराला पटलं नाही. या किमतीतली डिस्क केबलवर चालते. तिची बहुधा एकच पट्टी हलते आणि ती चकती दुसऱ्या पट्टीकडे वाकवते. नीट लावली तर चालते, नाहीतर दिवसभर चिर्र-चिर्र करते. अ‍ॅलॉय रिमवरचा व्ही-ब्रेक हलका असतो, जोर भरपूर देतो आणि त्याचे शू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. त्याचं वैर फक्त चिखलाशी. पावसाळ्यात टेकडीवरची मुरमाड माती शूमध्ये बसली की ती रिमला कानशीसारखी घासते. चार महिने चिखलातच फिरणार असाल तर डिस्क घ्यावी, एरवी व्ही-ब्रेक.

आता वळू पुढे, भाचा जिथे थांबला होता तिथे. या किमतीतला शॉकअप म्हणजे नळीत बसवलेली स्प्रिंग; तिची उसळी आवरणारं आत काही नसतं. बिनगिअरच्या सायकलीवर चढ उभं राहूनच मारावा लागतो आणि प्रत्येक पायडलाबरोबर स्प्रिंग दबून थोडा जोर खाऊन टाकते. वर एक-दीड किलो वजन जास्त. साधा स्टीलचा फोर्क आणि जाड टायर हे जास्त प्रामाणिक. मागेही शॉकअप असलेली बिनगिअरची सायकल तर पाहूच नये: मागचा भाग वर-खाली झाला की पुढच्या आणि मागच्या चकतीतलं अंतर बदलतं, म्हणजे चेन कधी ताठ, कधी ढिली. एका चेनला एकच अंतर चालतं.

टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत ५४-५५९ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा वाचावा. डोंगरी २६ म्हणजे ५५९. पण २६ इंच म्हणूनच विकलं जाणारं बारीक टायर ५९० चं असतं आणि ते या रिमवर बसत नाही. २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२. मापासाठी आडव्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर ठेवून उभं राहावं; दांडीच्या वर दोन इंच तरी मोकळे हवेत. हवा रस्त्यावर ४० पीएसआयच्या आसपास आणि टेकडीवर ३० च्या.

सायकल खोक्यातून मागवली तर जोडणी समोर उभं राहून करून घ्यावी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. माझ्या एका सायकलीचं डावं पायडल जोडणाऱ्या मुलाने पान्ह्याने रेटून भलतंच बसवलं होतं. महिन्याभरात ते आटे सोलून क्रँकमधून निसटलं, तेही सिग्नल सुटताना. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर क्रँकचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. आमचे सायकल मिस्त्री याला 'ओव्हरऑइलिंग'च्या, म्हणजे ओव्हरहॉलिंगच्या, आधीची ओव्हरऑइलिंग म्हणतात.

आम्ही शेवटी साध्या फोर्कची, व्ही-ब्रेकची आणि अ‍ॅलॉय रिमची करड्या रंगाची सायकल घेतली. जोडी अर्थात ४४-१८. दोन रविवार भाचा टेकडीच्या शेवटच्या चढावर उतरून चालला. तिसऱ्या शनिवारी मिस्त्रींकडे गेलो. फ्रीव्हील काढायला त्यांना चाक शिकंज्यात धरून पूर्ण अंगाचा भार द्यावा लागला, कारण आपण मारतो ते प्रत्येक पायडल फ्रीव्हीलला आट्यांवर आणखी आवळत असतं. २० चं बसवलं. प्रत्येक दात्याला चाक तीन मिलिमीटर पुढे येतं, दोन दात्यांना सहा. खाचेत तेवढी जागा होती, चेन तीच चालली. चाक पुढे आल्यामुळे ब्रेक शू मात्र थोडे हलवावे लागले.

"मामा, २२ बसलं असतं का?" भाच्याने विचारलं.

मी खाचेत उरलेली जागा बघायला वाकलो. मिस्त्रींनी मानही वर केली नाही. म्हणाले, "बसतं की. चार दाते वाढले की चेन एक इंच जास्त लागते. एक जोड कडी घालायची, चाक होतं तिथंच परत येतं."