‘कळलं’ म्हणताना

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक पोळी-भाजी केंद्र आहे. ते चालवणाऱ्या बाईंची मुलगी यंदा अकरावी वाणिज्यला गेली. खाजगी क्लासची फी झेपण्यासारखी नाही, म्हणून ती मोबाइलवर छोट्या छोट्या चित्रफिती पाहून पुस्तपालन शिकते. दुपारची गर्दी ओसरली की पोळ्यांच्या डब्याला फोन टेकवून ती बसलेली असते. परवा जाता जाता विचारलं, “काय चाललंय?” म्हणाली, “काका, नावे-जमा. सात मिनिटांत कळलं.”

बँकेत तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसासमोर हे वाक्य उच्चारणं धोक्याचंच. मी तिथल्याच स्टुलावर बसलो आणि म्हटलं, “आईने काल दोन हजार रुपये बँकेत भरले. तिच्या वहीत नोंद कशी करशील?” तिने क्षणभरही न थांबता लिहिलं: बँक खाते नावे, रोख खाते जमा. अगदी बरोबर. मग मी बाईंचं पासबुक मागून घेतलं आणि कालची ओळ दाखवली. तिथे तेच दोन हजार ‘जमा’च्या रकान्यात. “आता चूक कोणाची? तुझी की बँकेची?”

मुलगी बराच वेळ पासबुकाकडे पाहत राहिली. मग तिने खोडरबर उचललं आणि स्वतःचं बरोबर उत्तर खोडून टाकलं.

ते खोडरबर माझ्या मनातून जाईना. चित्रफीत मी घरी येऊन पाहिली. वाईट नव्हती. शिकवणाऱ्याचा आवाज स्वच्छ, मराठी सोपं, रंगीत बाणांनी नियम दाखवलेला: घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं जमा. पण वह्या दोन असतात, हे त्यात कुठेच नव्हतं. बाईंच्या वहीत पैसे घेणारी बँक, म्हणून बँक नावे. बँकेच्या वहीत पैसे देणाऱ्या बाई, म्हणून बाई जमा. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असते. नियम एकच, बसण्याची जागा फक्त बदलते. मुलीला नियम पाठ होता; पण आपण कोणाच्या खुर्चीवर बसलो आहोत, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता, कारण चित्रफितीने तो पडू दिला नव्हता.

या छोट्या चित्रफितींचा आज जगभर जो पसारा आहे, त्याची सुरुवात मात्र अशाच एका मुलीच्या अडखळण्यातून झाली. सलमान खान (आपला नट नव्हे) हा अमेरिकेतल्या लुइझियानात जन्मलेला, बंगाली मुळांचा तरुण २००४ साली बोस्टनमध्ये एका गुंतवणूक कंपनीत विश्लेषक होता. न्यू ऑर्लिन्सला राहणारी त्याची नादिया नावाची मामे-चुलत नात्यातली बहीण शाळेच्या गणिताच्या चाचणीत मागे पडली होती. मुलगी हुशार, पण एककांचं रूपांतर तिला येत नव्हतं. नोकरीवरून आल्यावर तो तिला फोनवर शिकवू लागला आणि दोघांना एकाच वेळी दिसेल अशा संगणकावरच्या पाटीवर रेघोट्या ओढू लागला. मग इतर भावंडं आली. त्यांच्यासाठी त्याने आधी सरावाची उदाहरणं देणारी एक छोटी संगणकीय व्यवस्था बनवली. चित्रफिती नंतर, एका मित्राच्या सूचनेवरून, २००६ सालच्या अखेरीस यूट्यूबवर आल्या. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी मुलगी, मग तिचा प्रश्न, मग उदाहरणं, आणि सर्वांत शेवटी चित्रफीत.

खानने पुढे जाहीर व्याख्यानात सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. भावंडं त्याला म्हणाली, की प्रत्यक्ष तुझ्यापेक्षा यूट्यूबवरचा तूच बरा. त्याने त्याचा अर्थ असा लावला, की चित्रफितीला थांबवता येतं, मागे नेता येतं, आणि दोन आठवड्यांपूर्वीचं विसरलो हे कबूल करताना मान खाली घालावी लागत नाही. आपल्याकडे वर्गात हात वर करून “सर, पुन्हा सांगा” म्हणणाऱ्या मुलाकडे बाकीचे एकोणसाठ कसे वळून पाहतात, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला या सोयीची किंमत सांगायला नको.

पडद्यावरून शिकवणं आपल्याला नवं नव्हतंच. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षणाचा प्रयोग झाला. १९८४च्या १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागू लागले. पण तिथे वेळ दूरदर्शनची. वीज गेली की पायथागोरस गेला. आज मुलीच्या अंगठ्याखाली थांबवण्याचं बटण आहे, आणि या सगळ्या क्रांतीत खरी नवी वस्तू मला तरी तेवढीच वाटते.

लांबीविषयी मात्र फार तत्त्वज्ञान सांगितलं जातं. खानच्या सुरुवातीच्या चित्रफिती दहा मिनिटांच्या आत का? कारण तेव्हा यूट्यूब त्याहून लांब घेतच नव्हतं. पुढे २०१४ साली एडएक्सवरच्या चार अभ्यासक्रमांतल्या चित्रफिती लोकांनी ज्या ६९ लाख वेळा पाहिल्या, त्यांची छाननी झाली आणि निघालं, की विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात. तेव्हापासून ‘सहा मिनिटं’ हा मंत्र झाला. पण त्या अभ्यासाने मोजलं होतं ते किती वेळ पाहिलं हे. किती शिकलं हे नव्हे. हॉटेलात किती वेळ बसलो यावरून पोट भरलं की नाही हे ठरवण्यासारखं आहे ते.

किती शिकलं हे मोजणारा एक अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. डेरेक मुलर याने सिडनी विद्यापीठात २००८ साली याच विषयावर पीएच.डी. केली. वर फेकलेल्या चेंडूवर कोणतं बल असतं? हातातून सुटल्यावर, हवेचा अडथळा सोडला तर, वर जातानाही आणि खाली येतानाही फक्त पृथ्वीचं ओढणं. बहुतेकांना मात्र वाटतं, हाताचा जोर चेंडूबरोबर थोडा वेळ वर जातो आणि हळूहळू संपतो. मुलरने काही विद्यार्थ्यांना हे नीट, सुबकपणे समजावणारी चित्रफीत दाखवली. त्यांनी तिला स्पष्ट, सोपी अशी प्रशस्तिपत्रं दिली. चाचणी घेतली, तर गुण जवळजवळ होते तिथेच! मुलांनी आपली जुनीच समजूत चित्रफितीत ऐकली होती आणि वर त्यांचा आत्मविश्वास वाढला होता. दुसऱ्या गटाच्या चित्रफितीत दोन माणसं बोलत होती. त्यातला एकजण तीच चुकीची समजूत मोठ्याने मांडत होता आणि दुसरा ती उलगडत होता. हिला मुलं म्हणाली, गोंधळात टाकणारी आहे. आणि गुण मात्र याच गटाचे ठळकपणे वाढले. हा मुलर आज विज्ञानाच्या चित्रफिती बनवणाऱ्यांत जगप्रसिद्ध आहे, हेही सांगायला हवं. त्याला चित्रफीत नको होती असं नाही; गुळगुळीत चित्रफीत नको होती.

हे वाचलं आणि मला माझं टेबल आठवलं.

नव्वदच्या दशकात मी एका शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. घरदुरुस्तीसाठी एक लाख घेणारे एक शिपाईमामा समोर बसले होते. बारा टक्के, दहा वर्षं, महिना सुमारे १,४३५ रुपये हप्ता. मी मन लावून समजावलं. हप्त्यात आधी व्याज, उरेल ते मुद्दलात. “कळलं ना, मामा?” त्यांनी मान डोलावली. दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरून ते परत आले. साडेचौतीस हजारांच्या आसपास भरले होते आणि कर्ज बारा हजारांनीसुद्धा कमी झालं नव्हतं. हिशेब चोख होता. पहिल्या हप्त्यातलेच हजार रुपये व्याजाचे असतात. पण ते काउंटरवर हात टेकून म्हणाले, “साहेब, बाकीचे कुठं गेले?” त्या आवाजात आरोप नव्हता, आणि म्हणूनच मला खाली पाहावं लागलं. मी माझ्या स्पष्टपणावर खूश होतो. पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब त्यांच्याच हाताने कागदावर करून घ्यायला पाच मिनिटं लागली असती. ती मी दिली नव्हती. त्यांनी मान डोलावली ती मला बरं वाटावं म्हणून, आणि मी ती पावती समजून फाइल पुढे सरकवली.

चित्रफितीपुढे आपण अशीच मान डोलावतो. तिथे तर समोर साहेबही नसतो.

याच्या उलट टोकाची चित्रफीत मी नातवाबरोबर पाहिली. अरविंद गुप्ता हे नाव पुण्यात कोणाला सांगायला नको. आयआयटीतून निघालेला अभियंता, होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या चळवळीत रमला आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात, टाकाऊतून खेळणी करत बसला. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रफिती मिनिट-दोन मिनिटांच्या, मराठीतही आहेत. एका चित्रफितीत घड्याळातला सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं एवढ्यावर मोटर फिरते. आमची फिरली नाही. नुसतीच झुलत राहिली, पाळण्यासारखी. नातू म्हणाला, “आजोबा, यांनी फसवलं.” चौथ्या संध्याकाळी लक्षात आलं, की तारेची दोन्ही टोकं मी उत्साहाच्या भरात सगळ्या बाजूंनी खरवडली होती. एक टोक अर्धंच खरवडायचं असतं, म्हणजे अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि वेटोळं स्वतःच्या वेगाने पुढे जातं. पूर्ण खरवडलं तर अर्धी फेरी पुढे ढकलली जाते आणि उरलेली अर्धी मागे. नातवाला हे सांगावं लागलं नाही. त्याने मलाच सांगितलं. दीड मिनिटाची चित्रफीत आणि चार संध्याकाळी, असं ते प्रमाण होतं.

व्यवसाय शिकवणाऱ्या चित्रफितींबद्दल न बोललेलंच बरं. सूट घातलेला एक गृहस्थ उत्साहाने टाळ्या वाजवत ‘पैशाला कामाला लावा’ सांगतो आणि व्याजाचा एक हिशेब करून दाखवत नाही.

तर पोळी-भाजी केंद्रात. गेल्या आठवड्यात बाईंना कणीक मळायचं यंत्र घ्यायचं होतं. एक वित्तपुरवठा करणारा मनुष्य साठ हजार द्यायला तयार होता: बारा टक्के सरळ व्याज, दोन वर्षं, महिना ३,१०० रुपये. मुलीने व्याजावरची एक चित्रफीत शोधून आणली. मी म्हटलं, लाव. बघता बघता तिनेच ती थांबवली. “काका, हा म्हणतो व्याज शिल्लक रकमेवर. पण आईचं व्याज तर शेवटपर्यंत साठ हजारांवरच धरलंय.”

मी काही बोललो नाही. जीभ आवरणं मला अजूनही जड जातं.

तिने वहीत चोवीस ओळी आखल्या. शिल्लक रकमेवर बारा टक्के धरून आम्ही हप्ता काढला: २,८२४ रुपयांच्या जवळपास. महिना पावणेतीनशेचा फरक, दोन वर्षांत साडेसहा हजारांवर. मग तिने उलटा प्रश्न विचारला, की ३,१०० हप्ता असेल तर मग खरा दर किती? याला मात्र सरळ सूत्र नाही, अंदाजाने सरकत जावं लागतं. अठरा धरून पाहिलं, कमी पडलं. चोवीस, जास्त झालं. पोळ्यांची गिऱ्हाइकं यायला लागली तरी ती मान वर करेना. शेवटी साडेएकवीसच्या आसपास आकडा जुळला.

बाईंनी हात पुसत वहीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे काय गं?” मुलीने वही तिच्यापुढे फिरवली, पेन्सिल तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “आई, पहिल्या महिन्याची ओळ तू लिही.”