रीतही लिहून ठेवावी

सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांना माहिती पुरविणारा संगणक. आमच्या शाळेतील सर्व्हर बिघडला, तेव्हा त्याची मांडणी ज्यांच्या डोक्यात होती ते गृहस्थ बदलून गेले होते. आम्ही आठ दिवस अडलो.

यावर उपाय आहे तो लिखित स्क्रिप्टचा. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी ‘सीएफएंजिन’ रचले. २०१२ साली ‘अॅन्सिबल’ आले. अमुक प्रणाली बसलेली असावी, अमुक सेवा चालू असावी, अशी इच्छित स्थिती त्यांत लिहितात. यंत्र आधी पाहते व उणे तेवढेच भरते. म्हणून नीट लिहिलेली स्क्रिप्ट दहादा चालविली तरी बाधत नाही. नवा सर्व्हरही तीवरून तसाच उभा राहतो. नोंदींची प्रत मात्र निराळी ठेवावी लागते.

मुलांना आम्ही उत्तराबरोबर रीतही लिहावयास सांगतो. संस्थांनीही तेच करावे.